ढिला वेढा

ह्यांनी त्या दिवशी काठी रिळासकट गंगेच्या चिखलात फेकली आणि पाण्याकडं पाठ करून बसले. आमच्या गंगाखेडला गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. मी पदर खोचला, चिखलात उतरले, काठी उचलली आणि रीळ पाहिलं. तंगूस, म्हणजे मासे धरायचा तो नायलॉनचा धागा, रिळावरून सुटून नुसता फुगला होता. विंचरल्यावर फणीत केसांचा बुचका राहतो ना, तसा. टोक कुठलं, मूळ कुठलं, काही पत्ता नाही.

“काप,” हे म्हणाले.

“अहो, रोज कापूनच निम्मा संपला.”

“काप म्हनलं ना!”

मी पर्समधून ब्लेड काढलं आणि कापला. बुचका दगडाखाली दाबून ठेवला. पलीकडून कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं ऐकू येत होतं. माझी अंगणवाडी सुटल्यावर दोन घास खायचे सोडून मी ह्यांना रिक्षात बसवून इथं आणलं होतं, आणि त्या दिवशी आमचा गळ एकदाही धड पाण्यात पडला नव्हता. मला रडू येत होतं, पण रडण्यापेक्षा राग जास्त होता. तो नक्की कुणावर काढायचा, ते मात्र कळत नव्हतं.

हे मोटारी भरायचे. शेतातली पाण्याची मोटार जळाली की तिच्या पोटातली जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरावी लागते. आमच्याकडं त्याला मोटार भरणं म्हणतात. बसस्टँडच्या मागं ह्यांचं छोटं दुकान होतं. उन्हाळ्यात दुकानासमोर मोटारींची रांग लागायची. शेतकरी दुकानातच ठाण मांडून बसायचे, कारण पाणी थांबलं की ऊस माना टाकतो. हे कुणाकडं न बघता तार भरत राहायचे. वेढ्याला वेढा खेटून, थरावर थर, कुठं फट नाही. घाई करणाऱ्याला एकच सांगायचे, “एक वेढा ढिल्ला राहिला तर पुन्हा यावं लागंल, बसा गप.”

मागच्या पावसाळ्यात दुकानातच ह्यांना लकव्याचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. पाय लवकर सुधारला. बोलणं तुटक तुटक का होईना, परत आलं. उजव्या हाताची बोटं मात्र आली नाहीत. म्हणजे वळायची, पण पकड राहायची नाही. पाना धरला की सुटायचा. बारीक तार बोटात आहे की नाही, हे बघितल्याशिवाय ह्यांना कळायचंच नाही. दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच.

परभणीच्या दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या मॅडमनी एक मऊ रबरी चेंडू दिला आणि दिवसभर दाबत राहा म्हणून सांगितलं. परत येताना हे रेल्वेत खिडकीशी बसले होते. मधल्या एका स्टेशनला गाडी थांबली. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढेपर्यंत ह्यांनी तो चेंडू खिडकीतून बाहेर टाकून दिला.

“अहो, हे काय केलं?”

“मी काय लेकरू हाय का, चेंडू खेळायला?”

मी बाटली उघडून ह्यांच्यापुढं धरली.

आमचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. मी त्याला फोनवर सगळं सांगितलं. हाताला गोल फिरवायचं काहीतरी काम पाहिजे, आणि त्यात ह्यांचं मन लागलं पाहिजे, असं मॅडम म्हणाल्या होत्या. तरुणपणी हे बांबूच्या काठीनं गंगेवर मासे धरायचे, ते मुलाला माहीत होतं. आठ-दहा दिवसांत कुरिअरनं एक लांबडं खोकं आलं. आत चकचकीत काठी, आणि काठीच्या पोटाखाली लावायचं रीळ. रिळाला बाजूला मूठ. मूठ फिरवली की तारेची एक कडी रिळाभोवती फिरते आणि तंगूस गुंडाळत आणते. गळ लांब टाकायचा असला तर ती कडी उघडायची, धागा बोटानं धरायचा, काठी झटकायची आणि बोट सोडायचं. धागा सरसर सुटत जातो. मग कडी बंद करून पुन्हा मूठ फिरवायची. काठी डाव्या हातात, मूठ उजव्या. मला वाटलं, हे तर ह्यांच्यासाठीच केलंय.

रिळावर तंगूस भरताना मुलगा फोनवर होता. तो म्हणाला, “आई, काठोकाठ भरू नको, वरची थोडी कड रिकामी सोड.”

हे बाजूलाच बसले होते. “अर्धी मोटार कोन भरतं का? भर पूर्ण.”

मी पूर्ण भरलं. नवऱ्याचं ऐकावं की मुलाचं, असा प्रश्न आला तर घरात शांतता राहील ते ऐकायचं, अशी माझी सवय.

घाटावर लोक दिवे सोडतात, अस्थी सोडतात. तिथं गळ टाकणं बरं दिसत नाही. म्हणून आम्ही घाटाच्या पुष्कळ खाली, एका उसाच्या शेताच्या बांधाजवळ जागा धरली. पुढं बंधारा असल्यामुळं तिथं पाणी थबकून असतं. पहिल्याच दिवशी ह्यांनी डाव्या हातानं काठी झटकली, आणि रिळावरचे वेढे एकदम उठले. एकामागं एक सुटायच्या ऐवजी सगळा पुंजकाच, धागा ओवायला काठीवर ज्या कड्या असतात त्यातल्या पहिल्या कडीत जाऊन अडकला. गळ आमच्या पायापाशी पडला. पहिल्या दिवशी हसू आलं. दुसऱ्या दिवशी नाही आलं.

मग रोजचंच झालं. चार फेकी बऱ्या जायच्या, पाचवीला बुचका. मी उकलायला बसायची. उकलताना ओढलं की गाठ घट्ट व्हायची, नाही ओढलं तर दुसरीकडून वेटोळं उठायचं. हे आधी गप्प बसायचे, मग पुटपुटायचे, मग माझ्यावर खेकसायचे. मुलगा रोज विचारायचा, “पप्पा गेले होते का? लागला का मासा?” त्याला काय सांगणार! त्यानं व्हिडिओ पाठवले. एकात एक माणूस गॉगल लावून होडीत उभा होता आणि हसत हसत गळ टाकत होता. त्याचा धागा एकदाही गुंतला नाही. ज्याचा गुंततच नाही, तो मला काय शिकवणार? मी फोन बंद करून भाकरी टाकायला घेतल्या.

काठी चिखलात फेकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही बांधावर पोचलो, तर शेळ्या चारणारी एक बाई आमची वाटच बघत उभी होती. तिच्या पायाशी एक पाट, म्हणजे तरणी शेळी, मान टाकून बसली होती. तिच्या मागच्या पायाला आमचा तंगूस. दगडाखालून वाऱ्यानं सुटला असावा. पाटीनं जितकं ओढलं तितका तो कातड्यात रुतला होता.

“ओ बाई, हे तुमचंच हाय ना?”

मी ब्लेड काढून खाली बसले. ती पाटीला धरून राहिली, मी एकेक पीळ कापून काढला. पाय सोलवटला होता, पण वाचला. मी हळद-तेल आणून देते म्हणाले. ती म्हणाली, नको, हाय माझ्याकडं. मग तिनं ह्यांच्याकडं बघितलं. हे रिक्षातून उतरून चालायच्या काठीच्या आधारानं बांधावर यायला लागले होते.

“हात चालंना तर कामून द्यायलाव त्यायच्या हातात असलं? घरी बसवा की त्यायला.”

ती काही वाईट बोलली नाही. तिच्या जनावराला इजा झाली होती. पण ह्यांनी ते ऐकलं. तिथूनच मागं फिरले आणि रिक्षात जाऊन बसले. घरी आल्यावर काठी कपाटामागं ढकलली.

“उद्यापासून न्हाई.”

“अहो, पण...”

“न्हाई म्हनलं ना. हात गेला माझा. कशाला तमाशा?”

त्यानंतर हे घराबाहेरच पडेनात. सकाळी टीव्ही लावायचे तो मी अंगणवाडीतून येईपर्यंत चालूच. जेवताना डाव्या हातानं जेवायचे आणि उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायचे. मला ते बघवायचं नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, हात वापरला नाही तर आहे तेवढाही राहणार नाही. मी समजावलं, भांडले, मुलाला बोलायला लावलं. ह्यांचं उत्तर एकच, टीव्हीचा आवाज मोठा.

एके दिवशी अंगणवाडीतून आले, ह्यांना ताट वाढलं, कपाटामागची काठी काढली आणि एकटीच गंगेवर गेले. का गेले, नीट सांगता येणार नाही. शेळीवालीचा राग होता, ह्यांचा होता, त्या काठीचाही होता. मला त्या काठीला एकदा नीट बघून घ्यायचं होतं.

बांधाशेजारच्या शेतात ऊसतोड चालू होती. तोडणाऱ्या बायका कोयते थांबवून माझ्याकडं बघायला लागल्या. एकीनं विचारलं, “ओ मावशी, तुमीच मासे धरायलाव का?” मी हौ म्हणाले आणि काठी झटकली. गळ जवळच पडला. पण पडला. गुंडाळला. पुन्हा टाकला, जरा लांब गेला. मला वाटलं, त्यात काय एवढं! बोटं चांगली असली की जमतं. तिसऱ्या का चौथ्या फेकीला रिळावरून तोच पुंजका उठला, त्याच कडीत अडकला, आणि तोच बुचका माझ्यासमोर.

मी तिथंच मातीत बसले. माझे दोन्ही हात शाबूत होते. याच हातांनी मी अंगणवाडीतल्या पोरींच्या वेण्या घालते, तांदळातले खडे निवडते. तरी गुंतला. म्हणजे इतके दिवस आम्ही ज्याचं खापर ह्यांच्या हातावर फोडत होतो, ते ह्यांच्या हाताचं नव्हतंच. माझा राग उतरला नाही, उलट वाढला. पण आता तो कुणावर काढायचा ते कळलं होतं. मी तो बुचका कापला नाही. जसाच्या तसा घरी आणला आणि टीव्ही बंद करून ह्यांच्या मांडीवर ठेवला.

“कोन गेलतं?” ह्यांनी विचारलं.

“मी.”

“तुझ्या हातून बी?”

“हौ. मला काय लकवा झालाय का? सांगा आता, ह्याचं काय करायचं.”

ह्यांनी रीळ डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा लांब धरलं. मग म्हणाले, “चष्मा दे.” दुकान बंद झाल्यापासून ह्यांनी चष्मा मागितला नव्हता. ह्यांनी डाव्या हाताच्या बोटानं एक वेटोळं उचललं, दुसरं उचललं, त्याच्या खाली बघितलं.

“वरला न्हाई गुंतला. हे बग. खाली... एक वेढा ढिल्ला हाय. त्याच्यावर घट्ट बसले. वरले सुटताना... ह्यानं त्यायला धरलं. सगळे संगंच उठले.”

“पण ढिला राहिला कसा?”

“ते बगावं लागंल. टाकून दाखव. इथंच.”

आम्ही अंगणात आलो. गळ काढून टाकला आणि त्या जागी एक जड नट बांधला. मी भिंतीच्या दिशेनं टाकायचं आणि ह्यांनी खुर्चीवर बसून माझ्या हाताकडं बघायचं. मला भयंकर राग येत होता. दर वेळी थांबवायचे. “परत.” “पुन्ना एकदा.” “हळू की!” पण बघता बघता ह्यांनी पकडलं. नट जमिनीवर पडला की मी सरळ मूठ फिरवायची, आणि मुठीच्या झटक्यानं तारेची कडी आपोआप बंद व्हायची. त्या क्षणी धागा सैल असायचा, वाऱ्यानं झोळ पडलेला असायचा. पहिला वेढा बसायचा तो तसाच सैल.

“मुठीनं न्हाई. कडी हातानं बंद कर. मग धागा वढ, ताठ होऊ दे. मग फिरव.”

मी तसं केलं. वेढे खेटून बसले. मग ह्यांनी रीळ जवळ घेतलं आणि कडेवर बोट ठेवलं.

“जास्त बी झालंय. कडंला आलं की घसरतं. थोडं काड.”

“पोरगं पहिल्या दिवसापासून तेच सांगत होतं की!”

“कारण सांगितलं का त्यानं? नुसतं नको नको. मोटारीतली तार सुटायची नसती, बस भरायची. हे सुटायचं हाय. येगळं हाय हे.”

झटक्यानंतर हे एवढं सलग पहिल्यांदाच बोलले होते. पण मी तेव्हा काढलेला तंगूस हातावर गुंडाळण्यात आणि मनातल्या मनात चिडण्यात इतकी गुंतले होते, की ते मला नंतर भांडी घासताना लक्षात आलं.

तरी एक गोष्ट राहिली होती. तंगूस हातात सैल धरला की तो स्वतःभोवतीच पीळ खायचा, जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखा. ह्यांनी त्याचीही दोन कारणं काढली. मुलानं पाठवलेलं चकाकतं पातं पाण्यात गरगर फिरतं, म्हणून माशाला ते जिवंत वाटतं. ते आम्ही थेट धाग्याला बांधलं होतं, म्हणून त्याच्यासोबत धागाही पीळ खात होता. खोक्यात एक बारीक फिरती कडी आली होती. आम्हाला वाटलं होतं, कशातली तरी सुटून पडलीय. ती धागा आणि पातं यांच्यामध्ये बांधायची होती. दुसरं कारण ह्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं. गळ पाण्यातल्या झाडझाडोऱ्यात अडकला की रीळ कर्र कर्र वाजत धागा सोडायचं, आणि हे तरी हट्टानं मूठ फिरवत राहायचे. धागा आत येत नव्हता, नुसता पीळ चढत होता.

पीळ काढायला आम्ही रविवारी अंगणवाडीशेजारच्या शाळेच्या मैदानावर गेलो. गळ नाही, फिरती कडी नाही, मोकळं टोक घेऊन मी पार पलीकडच्या भिंतीपर्यंत चालत गेले. येणारे-जाणारे विचारायचे, “पतंग उडवायलाव का?” टोक जमिनीवर सोडून मी परत आले आणि रिळाच्या पुढं ओल्या फडक्यात धागा चिमटीत धरून उभी राहिले. हे मूठ फिरवत होते. ह्यांची बोटं मध्येच सुटायची. मी थांबायची. पुन्हा बोटं मुठीवर बसवायचे, पुन्हा फिरवायचे. ऊन डोक्यावर आलं. ह्यांच्या कपाळावर घामाच्या धारा.

“बस करा आता, राहिलेलं मी करते.”

“गप उभी राहा. फडकं ढिल्लं सोडू नको.”

मी फडकं घट्ट धरलं. सगळा तंगूस ह्यांनीच आत घेतला.

पुढच्या खेपेला गंगेवर गेलो. ह्यांनी टाकलं. मी कडी हातानं बंद केली, धागा ओढून ताठ केला. ह्यांनी फिरवलं. पुन्हा टाकलं. नाही गुंतला. कितीतरी वेळ नाही गुंतला. मासाही लागला नाही. मी काही बोलले की हे म्हणायचे, “बोलू नको, ध्यान जातं.” मग लव्हाळ्याजवळून पातं येत असताना काठी एकदम वाकली. रीळ कर्र कर्र वाजायला लागलं आणि ह्यांनी सवयीनं मूठ फिरवली.

“अहो थांबा! वाजतंय! फिरवू नका!”

हे थांबले. मासा धागा घेऊन गेला. मग जरा दमला. ह्यांनी काठी वर उचलली, खाली आणता आणता धागा आत घेतला, पुन्हा उचलली. काठाजवळ काळी पाठ दिसली. मरळ होती, चांगली हातभर. मी पाण्यात उतरले. तेवढ्यात ह्यांची बोटं मुठीवरून सुटली. ती पुन्हा जागेवर बसेपर्यंत धागा सैल पडला, मरळीनं डोकं झटकलं आणि गेली.

हे जोरात ओरडले. शब्द नव्हता, नुसता आवाज होता. मग संतापानं तो सैल धागा तसाच भराभरा आत गुंडाळत सुटले.

“अहो, ढिला भरायलाव!”

“भरू दे!”

आणि अर्थातच पुढच्याच फेकीला बुचका. मी कंबरेपर्यंत भिजलेली. हे माझ्याकडं बघेनात. माझ्याही तोंडून निघून गेलं, “कळतं सगळं, तरी तेच करता.” हे म्हणाले, “तुला काय कळतं, मासा सुटल्यावर काय होतं ते?” मी म्हणाले, “मलाच तर कळतं, पाण्यात मी उभीय!” पलीकडं उसाची मोळी उचलणारा एकजण आमच्याकडं बघून पुढं गेला.

शेवटी ह्यांनी खाली बसून काठी मांडीवर घेतली. टोक न ओढता, रिळाच्या बाजूनं एकेक वेटोळं डाव्या बोटानं सैल करत उचलायला लागले. मी समोर बसले. हे उचलायचे, मी धरून ठेवायची. एखादं सुटलं की “हं,” एवढंच. ऊन उतरून पाण्यावर पिवळं झालं, तेव्हा धागा मोकळा झाला. मला वाटलं, आता घरी. हे म्हणाले, “मरळ न्हाई येत आता. साधा गळ बांद. कणीक लाव.”

त्या दिवशी आम्हाला एक चिलापी लागली, तळहाताएवढी. ह्यांनी ती इतकी सावकाश आत घेतली की मला उभ्या उभ्या पायात गोळे आले. मदत करायला हात पुढं केला तर कोपरानं ढकलला. घरी येऊन मी ती लसूण-तिखट लावून तव्यावर तळली. एवढ्याशा माशात दोघांना काय होणार, म्हणून मी ह्यांच्या ताटात वाढली आणि स्वतः पिठलं घेतलं.

ह्यांनी पहिला घास खाल्ला, तोंडातून काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

“लय काटे हायत,” म्हणाले, आणि अर्धी तोडून माझ्या ताटात टाकली.